पाणी हिरवंगार, पण जाळीत एकही पाणपिसू नाही. जिरे सोडायचे का?

बोडीकाठ
जाणकारांना प्रश्न. मातीचं संगोपन तळं, १० आर, पाणी सरासरी एक मीटर, गोंदियाकडचा धानपट्टा. तयारी अशी झाली: नको ते मासे मारायला मोहाची ढेप २५० किलो, तीन आठवड्यांनी चुना २५ किलो, मग ताजं शेण एक टन आणि सिंगल सुपर फॉस्फेट २० किलो. त्यावर दर आठवड्याला १०० किलो शेण. पावसाने दहा दिवसांपासून उघाड दिली आहे, ऊन कडक, वारा जवळपास नाही.

पाणी पोपटी झालंय. सकाळी काठाला हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखी साय असते. ५० लिटर पाणी प्लवंग जाळीतून (पाण्यातले सूक्ष्म जीव धरायची बारीक जाळी) गाळलं की नळीत २ मिलि माल भरतो, फक्त तो खाली बसण्याऐवजी वर तरंगतो. पुस्तकात १ ते २ मिलि म्हणजे तळं तयार असं दिलंय. पण भिंगातून बघितलं तर सगळा हिरवा रवा, उड्या मारणारी पाणपिसू, म्हणजे पिल्लांचं खाणं असलेले बारीक प्राणी, काहीच नाही. रोहू-कटल्याचे तीन लाख जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) आठवड्याने येणार. सोडायचे, थांबायचं, की अजून शेण टाकायचं?

लुगोल
शेण आजपासून बंद करा, बाकीचं सावकाश बोलू.

'वर तरंगतो' इथेच उत्तर आहे. पाणपिसू, रोटिफर, कोपेपॉड हे प्राणी प्लवंग नळीत चिमूटभर मीठ टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत तळाला बसतात. तुमच्या नळीतला माल बहुधा मायक्रोसिस्टिस हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित शेवाळ, आहे. त्याच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म नळकांड्या असतात, त्यामुळे तो बसत नाही. पुस्तकातले १-२ मिलि तळाशी बसलेल्या, हलत्या मालाचे. तुमचे २ मिलि तरंगत्या हिरव्याचे. ते त्या हिशेबात धरायचेच नाहीत.

खात्री करायची तर काचेची बरणी तीन चतुर्थांश भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर असेल तर सायनोबॅक्टेरिया, तळाला असेल तर साधं हिरवं शेवाळ. घाई असेल तर २ मिलिची सिरिंज घ्या, पाणी भरून हवेचा बुडबुडा पूर्ण काढा, टोक रबराने बंद करा आणि दट्ट्या अंगठ्याने जीव खाऊन दाबा. हवेच्या नळकांड्या चेपतात, दुधट पोपटी पाणी एकदम पारदर्शक गडद हिरवं दिसतं आणि मग तोच माल खाली बसू लागतो. मोठी सिरिंज घेऊ नका, तेवढ्याच जोराने तिच्यात दाब कमी बनतो. हा प्रयोग सव्वाशे वर्षं जुना आहे, क्लेबान नावाच्या जर्मन संशोधकाने १८९५ मध्ये बाटलीच्या बुचावर हातोडी मारून केला होता.

वऱ्हाडी ठेचा
म्हंजे ताट भरून वाढलं अन् सारी सजावटच निंगाली, काहून बाप्पा :)

सूक्ष्मदर्शी
ठेचाभाऊंनी नेमकं सांगितलं. ताटात आहे ते खाता येत नाही, आणि खाल्लं तर बाधतं. लुगोल यांच्या निदानाशी सहमत. पुढचं थोडं लांबतंय.

पाणपिसू (आपल्याकडच्या गरम पाण्यात मोठ्या डॅफ्नियापेक्षा मोइना आणि सिरिओडॅफ्निया जास्त) निवडून खात नाही. पायांवरच्या केसांची चाळणी हलवत राहते, चाळणीत अडकेल ते तोंडात. मायक्रोसिस्टिसचे गोळे बुळबुळीत आवरणात बांधलेले असतात. मोठा गोळा तोंडात मावत नाही, चाळणीत अडकतो. मग पाणपिसू शेपटाच्या नखीने अख्खा घास बाहेर ढकलते. त्या घासासोबत चांगलं शेवाळही जातं. भिंगाखाली जिवंत मोइना धरून ठेवली तर ही नखी मिनिटात किती वेळा चालते ते मोजता येतं. साध्या हिरव्या पाण्यात क्वचित, तवंगाच्या पाण्यात सतत. सगळी ताकद थुंकण्यातच जाते.

लहान गोळा किंवा सुटी पेशी पोटात गेलीच तरी तिच्यात स्टेरॉल नाहीत आणि लांब साखळीची मेदाम्लंही जवळपास नाहीत. संधिपाद प्राण्यांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही आणि कात टाकायचं संप्रेरक त्यापासूनच बनतं. म्हणून विष अजिबात नसलेल्या सायनोबॅक्टेरियावर वाढवलेली पाणपिसूही रोडावते, अंडी कमी घालते.

विष त्याच्याही वर. मायक्रोसिस्टिन हे सात अमिनो आम्लांचं कडं. पेशी आतड्यात फुटली की ते प्रोटीन फॉस्फेटेज १ आणि २ए ही विकरं बंद पाडतं, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून सुटायला लागतात. पण सगळा दोष मायक्रोसिस्टिनच्या माथी मारू नका. काही वाणांत मायक्रोविरिडिन जे नावाचं वेगळं द्रव्य असतं, ते पाणपिसूचं कात टाकणंच बिघडवतं. जुनी कात अर्धवट अंगाला चिकटते, पाय अडकतात आणि चाळणी थांबते. वाढत्या पिल्लांना सारखी कात टाकावी लागते, त्यामुळे आधी पिल्लं मरतात. तळ्यात मोठ्या माद्या दिसतात, पिल्लं दिसत नाहीत, तर हे डोक्यात ठेवा.

धानबांधी
इथे सगळे नीलहरित शेवाळाच्या मागे लागलेत. तेच शेवाळ आपण धानाला हेक्टरी १० किलो टाकतो ना? अझोलाही तेच. एकदम विष विष करून शेतकऱ्याला घाबरवायचं काम नको.

सूक्ष्मदर्शी
धानबांधी, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. धानाला टाकतो ते नॉस्टॉक, टॉलिपोथ्रिक्स, ऑलोसिरा वगैरे, हवेतला नत्र धरणारे. अझोलाच्या पानातला ॲनाबीनाही त्यातलाच. मायक्रोसिस्टिस हवेतला नत्र धरत नाही, तुम्ही टाकलेल्या शेणावर जगतो. बांधीतला शेवाळाचा थर आणि तळ्यावरची साय यांचं कूळ एक, घर वेगळं.

आणि मायक्रोसिस्टिसमध्येही विषारी आणि बिनविषारी वाण एकाच तळ्यात मिसळून असतात. फरक विष बनवणाऱ्या जनुकांच्या संचात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हुबेहूब सारखे. 'मी बघून सांगतो हे विषारी आहे का' असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मोहफूल
सरळ मोरचूद (कॉपर सल्फेट) मारा. दोन दिवसांत पाणी साफ. कशाला एवढं पुराण?

लुगोल
मोहफूल, दोन दिवसांत पाणी साफ दिसेल हे खरं. पुढचा हिशेब मांडतो.

तवंग जिवंत असेपर्यंत मायक्रोसिस्टिन बहुतेक पेशीच्या आत कोंडलेलं असतं. मोरचुदाने पेशी फाटते आणि सगळं एकदम पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणावर तवंग आला म्हणून कॉपर सल्फेट मारलं. त्यानंतर १४८ माणसं आजारी पडली, त्यात बहुतेक मुलं होती. तिथलं विष सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन निघालं, आणि त्या विषाचं नावही त्या घटनेनंतरच्या शोधातून आलं.

मात्रा बघा. नेहमीचा अंगठेठोक नियम: पाण्याची क्षारता भागिले शंभर, तेवढं मिलिग्रॅम मोरचूद लिटरला. क्षारता १०० धरली तर लिटरला १ मिलिग्रॅम. हे तळं १० आर गुणिले एक मीटर, म्हणजे १० लाख लिटर, म्हणजे १ किलो मोरचूद. मोरचुदात तांबं साधारण पाव, म्हणजे लिटरला २५० मायक्रोग्रॅम तांबं. पाणपिसूच्या जाती मऊ पाण्यात काही दहा मायक्रोग्रॅमलाच मरतात. तवंगासोबत उरलेसुरले पाणपिसूही गेले, आणि तांबं उडून जात नाही, गाळात बसतं. शिवाय मेलेला तवंग कुजताना रात्री प्राणवायू खाऊन टाकतो तो वेगळाच. संगोपन तळ्यात मोरचूद म्हणजे उंदरासाठी कोठार जाळणं.

मोहफूल
बरं बाप्पा, मागे घेतो. मग चंदेरा मासा (सिल्व्हर कार्प) सोडला तर? तो शेवाळ खातो.

पाणकावळा
चंदेरा मायक्रोसिस्टिस गाळून खातो, खरं आहे. पण त्याच्या चाळणीला पाणपिसूही तितकाच गोड लागतो. मोठ्या बोडीत (तळ्यात) वाढीच्या माशांसोबत ठीक, जिऱ्यांच्या तळ्यात नको. जिऱ्यांच्या तोंडचा घासच तो पळवेल.

झाडीताई
एक शंका. नारूच्या वेळी गावोगाव 'सायक्लोप्स' हे नाव ऐकलं होतं, पाणी फडक्याने गाळून प्या म्हणायचे. तो पण पाणपिसूच ना? त्यालाही हे बाधतं का?

सूक्ष्मदर्शी
ताई, सायक्लोप्स हा कोपेपॉड, पाणपिसूचा चुलत भाऊ म्हणा. (देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. त्यामुळे नवीन मुलांना सायक्लोप्स शाळेतही भेटत नाही.)

कोपेपॉड निवडून खातो. एकेक कण हाताळतो, चव घेतो, नको तो टाकून देतो. त्यामुळे तवंगातही तो बरेचदा टिकतो. मजा म्हणजे विष थेट पाण्यात विरघळवून दिलं तर कोपेपॉडच आधी मरतो. ४८ तासांच्या प्रयोगांत डायॅप्टोमस जातीला लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आतच मायक्रोसिस्टिन पुरलं, तर डॅफ्नियाच्या जातींना साधारण १० ते २० मिलिग्रॅम लागलं. म्हणजे नाजूक जीभ असलेला नाजूक पोटाचा, आणि मिळेल ते खाणारा दणकट पोटाचा. तळ्याच्या पाण्यात विरघळलेलं विष सहसा मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे हजारपटीने कमी. म्हणून पाणपिसूला धोका पाण्यातल्या विषापेक्षा गिळलेल्या पेशीचा मोठा.

रोटिफरचं मधलंच. ब्रॅकिओनसला मायक्रोसिस्टिसच्या सुट्या पेशी बाधतात. पण मोठे गोळे आणि लांब तंतू त्याच्या तोंडात मावतच नाहीत. तंतूंमुळे मोठ्या पाणपिसूची चाळणी गुंतते, छोटा रोटिफर मात्र तसाच फिरत राहतो. म्हणून तवंगाच्या तळ्यात मोठे पाणपिसू गायब आणि छोटा माल शिल्लक, असं चित्र दिसतं.

वऱ्हाडी ठेचा
पण मंग हे विष बनवते कायले? पाणपिसूले मारायसाठीच ना?

सूक्ष्मदर्शी
वाटतं तसं, पण हिशेब जुळत नाही. मायक्रोसिस्टिन बनवणाऱ्या जनुकांचा वंशवृक्ष लावला तर ती जनुकं बहुपेशी प्राण्यांच्याही आधीची निघतात. पाणपिसूच नव्हती तेव्हा तिच्यासाठी विष कसं बनवणार? लोह धरून ठेवणं, कडक उन्हात आपली प्रथिनं सांभाळणं, अशी त्याची पेशीतली कामं असावीत असे पुरावे आहेत. पाणपिसूला मारणं हा नंतरचा बोनस.

पाणकावळा
आणि पाणपिसूही गप्प बसलेली नाही. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स तलावात १९६०-७० च्या दशकांत फॉस्फरस वाढला, सायनोबॅक्टेरिया वाढले. पाणपिसू बिकट दिवसांत जाड कवचातली अंडी घालते आणि ती गाळात दशकानुदशकं टिकतात. संशोधकांनी वेगवेगळ्या थरांतली अंडी उबवून तवंगावर वाढवली. तवंगाच्या काळानंतरची पिढी जुन्या पिढीपेक्षा चांगली तग धरत होती. १९९९ ला हे छापून आलं. गाळ म्हणजे बियाणं पेढीच.

आपल्या मामा तलावांचा गाळ असा थरथर कापून कोणी बघितला तर गंमत येईल. माजी मालगुजारी तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी आहेत, बरेच दोन-तीनशे वर्षं जुने. गाळ काढून शेतात टाकायची योजना चालते, पण जेसीबी सगळे थर एकत्र करून टाकतो.

धानबांधी
अवांतर: लोणारला पाणी हिरवं असतं ते मग काय? ते तर २०२० ला गुलाबी पण झालं होतं.

लुगोल
लोणार खारट आणि आम्लारी तलाव, गोड्या पाण्याचा नियम तिथे लावू नका. तिथला हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायराचा, बाजारात स्पिरुलिना म्हणून विकतात तो. तो स्वतः मायक्रोसिस्टिन बनवत नाही. जून २०२० चा गुलाबी रंग मीठप्रेमी हॅलोआर्किआमुळे होता, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले होते. अवांतर पुरे, बोडीकाठ वाट बघतायत.

बोडीकाठ, चूक कुठे झाली ते सांगतो. तुम्ही मोहाची ढेप वापरली. ती विष उतरल्यावर खतच असते. म्हणून ढेप वापरली की शेण निम्म्यावर आणतात, हेक्टरी १० टनांऐवजी ५ टन, म्हणजे तुमच्या १० आरला अर्धा टन पुरत होतं. तुम्ही एक टन टाकलं, वर आठवड्याचा हप्ता. सुपर फॉस्फेट २० किलो, त्यात १६ टक्के पी२ओ५, म्हणजे ३.२ किलो, त्यातला निव्वळ फॉस्फरस सुमारे १.४ किलो. १० लाख लिटरमध्ये तो लिटरला १.४ मिलिग्रॅम पडतो. तळं अतिपोषित म्हणायला ०.१ मिलिग्रॅम पुरे असतं. बराचसा चिखलाला चिकटतो हे मान्य, तरी उरलेला खूप झाला.

बोडीकाठ
मान्य. शेण बंद केलं. बरणीत सकाळी हिरवा थर वर आला, सिरिंजमध्ये दाबल्यावर पाणी गडद झालं. पण विषारी आहे की नुसतंच निकस, हे कळायला गावात काय करता येईल? प्रयोगशाळेत नमुना पाठवायला वेळ नाही.

सूक्ष्मदर्शी
पाणपिसूलाच विचारायचं. पाच ग्लास, दोन दिवस.

मोइना आणायची ती तवंग नसलेल्या डबक्यातून. गोठ्याच्या खालच्या बाजूला शेणकाल्याचं डबकं असतं, त्यात लालसर ढग हलताना दिसेल, तीच. (प्राणवायू कमी असला की तिच्या अंगात हिमोग्लोबिन वाढतं, म्हणून लाल.) तवंगाच्या तळ्यातली मोइना घेऊ नका. आईने विष चाखलं असेल तर पिल्लं जरा जास्त सोसतात, निकाल फसवा येतो.

संध्याकाळी पोटात अंडी असलेल्या वीस-पंचवीस माद्या विहिरीच्या पाण्यात ठेवा. सकाळी पिल्लं पडलेली असतील. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने पिल्लं उचला. ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवूनच सोडा. वरून थेंब पाडला तर कवचाखाली हवा अडकते, पिल्लू पृष्ठभागाला चिकटतं आणि तुम्ही त्याला मेलेलं मोजता. नवख्यांची हीच चूक सगळ्यात जास्त होते.

प्रत्येक ग्लासात २० मिलि पाणी आणि १० पिल्लं. पसरट वाटी घेतली तर अजून चांगलं, हवा मिळते. क मध्ये विहिरीचं पाणी आणि यीस्टचा एक थेंब (चिमूटभर यीस्ट कपभर पाण्यात, पाणी जेमतेम गढूळ दिसेल एवढंच). ख मध्ये नुसतं विहिरीचं पाणी, उपाशी. ग मध्ये तळ्याचं पाणी गाळणकागदातून दोनदा गाळून. घ मध्ये तळ्याचं न गाळलेलं पाणी आणि विहिरीचं पाणी निम्मं-निम्मं. ङ साठी तळ्याचं पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत गोठवा, वितळवा, असं तीनदा, मग गाळा. काचेची बाटली फ्रीजरमध्ये तडकते. गोठवण्याने पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात येतं.

सगळे ग्लास सावलीत, एकाच जागी, घरातल्या उजेडात. नळाचं क्लोरीनचं पाणी कशातही नको. २४ आणि ४८ तासांनी ग्लास हलकेच फिरवून १५ सेकंद बघा, जे पोहत नाही ते थांबलं असं लिहा. क मध्ये एकापेक्षा जास्त थांबली तर अख्खा प्रयोग रद्द.

ख हा ग्लास वगळू नका, खरं कुलूप तोच उघडतो. घ मधली पिल्लं उपाशी मेली की विषाने, हे ख शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

लुगोल
एक भर. तळ्याचं पाणी सकाळी सातच्या आत घ्या. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच साडेनऊच्या वर जातो, आणि शेणातला अमोनियम विषारी अमोनिया होतो. ते पाणी पिल्लांना आपोआप मारेल आणि आळ सायनोबॅक्टेरियावर येईल. पीएच लिटमसने नाही, थेंबांच्या किटने बघा. ९ च्या वर असेल तर गाळलेलं पाणी रात्रभर पसरट भांड्यात उघडं ठेवून मग वापरा. आणि साय उचलताना हातमोजे घाला.

झाडीताई
बोडीकाठ, तोवर गुरं त्या काठाला जाऊ देऊ नका. वारा ज्या बाजूला साय लोटतो तिथेच विष घट्ट होतं आणि गुरं नेमकी तिथेच तोंड लावतात. यावर पहिली शास्त्रीय नोंद १८७८ ची, ऑस्ट्रेलियातल्या लेक अलेक्झांड्रिनाची, तिथेही गुरं-मेंढ्याच मेल्या होत्या. पोळ्याला बैल धुवायचे तेही दुसऱ्या बोडीवर, कारण धुतल्यावर बैल अंग चाटतात. आणि पिण्यासाठी 'उकळून घेऊ' म्हणत असाल तर उकळल्याने मायक्रोसिस्टिन जात नाही.

मोहफूल
मोठ्या बोडीतले मासे खाल्ले तर?

पाणकावळा
विष आतडं आणि यकृतात जास्त, मांसात कमी. साय आलेल्या दिवसांत अख्खे छोटे मासे पोटासकट खाऊ नका. मोठ्याचं पोट साफ करून, यकृत टाकून, धुऊन घ्या. शिजवल्याने विष मोडत नाही, त्यामुळे मसाल्यावर भिस्त नको.

वऱ्हाडी ठेचा
मसाल्यावर भिस्त नको हे वाक्य सावजी बनवनाऱ्याले दाखवू नका.

बोडीकाठ
आकडे. पोहणारी पिल्लं, १० पैकी.
२४ तास: क १०, ख १०, ग १०, घ ४, ङ ९.
४८ तास: क १०, ख ७, ग ९, घ १, ङ ७.
पाणी सकाळी साडेसहाला घेतलं, पीएच ८.५. ग्लास ओसरीत, सावलीत.

सूक्ष्मदर्शी
स्वच्छ प्रयोग. २४ तासांचा आकडा जास्त बोलका आहे. गरमीत मोइनाची पिल्लं उपाशी दोन दिवस कशीबशी काढतात, म्हणून ४८ ला ख घसरला. त्यावर जाऊ नका.

२४ ला उपाशी ग्लासात एकही थांबलं नाही आणि घ मध्ये सहा थांबली. म्हणजे उपासापेक्षा वेगाने काहीतरी मारतंय. ग ठीक आहे, म्हणजे पाण्यातला अमोनिया किंवा पीएच गुन्हेगार नाही. मारणारी वस्तू पेशीसोबत पोटात जातेय. ङ च्या ९ आणि ७ वरून काही काढू नका. दहा पिल्लांत एक-दोनचा फरक नशिबानेही येतो. विरघळलेलं विष पाणपिसूला कमी बाधतं हे वर आलंच आहे, त्याच्याशी हे जुळतं एवढंच. कोणतं विष, मायक्रोसिस्टिन की दुसरं, हे या ग्लासांतून कळत नाही. तुमच्या निर्णयाला ते लागतही नाही.

लुगोल
मूळ प्रश्नावर येतो. या तळ्यात आठवड्याने जिरे सोडू नका. जिऱ्यांना पहिले पाच-सहा दिवस रोटिफर आणि छोटे पाणपिसू लागतात, आणि तुमच्या तळ्यात ते उभेच राहत नाहीत. जिरे विषाने मरण्याआधी भुकेने मरतील, नाहीतर पहाटे पाच वाजता प्राणवायू संपून.

दहा दिवसांत जमेल असं सांगतो. पहाटे वारा सुटायच्या आत साय सगळ्यात जाड असते. जुनी सुती साडी दोन बांबूंना ताणून, वरची कड पाण्याच्या वर चार बोटं ठेवून, दोघांनी साय एका कोपऱ्यात ओढत आणायची आणि बादलीने काढायची. खड्डा तळ्याच्या उताराच्या पलीकडे, पावसाने वाहून परत येणार नाही असा. पाच-सहा पहाटा सलग, ऊन चढल्यावर नाही, कारण तोवर ती खाली विखुरते. तिसऱ्या दिवसापासून तळातून एक तृतीयांश पाणी काढून विहिरीचं भरा, खालच्या बोडीत किंवा पाणवठ्याकडे सोडू नका. विहिरीच्या पंपाचा पाइप पृष्ठभागावर आडवा मारा, पाणी हलतं राहिलं की तरंगणाऱ्याचा फायदा संपतो.

संध्याकाळचा पीएच ९ च्या खाली आला आणि पाण्यात बुडवलेली पांढरी थाळी ३०-४० सेंटिमीटर खोलीपर्यंत दिसू लागली की डबक्यातल्या मोइना एक-दोन बादल्या सोडा. मग शेंगदाणा ढेप भिजवून, थोडी थोडी. हेक्टरी ७५० किलो ढेप, २०० किलो शेण, ५० किलो सुपर फॉस्फेट असा हप्त्यांचा जो तक्ता आहे तो तुमच्या १० आरला ७५, २० आणि ५ होतो. पण तुमचा फॉस्फेटचा कोटा आधीच चौपट संपलाय, तो शून्य धरा, शेणही शून्य. ढेप १५-२० किलोने सुरुवात.

बोडीकाठ
जिरेवाल्याला दहा दिवस पुढची तारीख दिली. सोडण्याआधी अजून एक खात्री कशी करू?

पाणकावळा
हापा लावा. बारीक जाळीचा, एक मीटर बाय एक मीटर, तळापासून वीतभर वर. त्यात दोनशे जिरे २४ तास. पहाटे पाचला बघा आणि दुपारी तीनला बघा. पहाटे मेले तर प्राणवायू, दुपारी मेले तर पीएच आणि अमोनिया. दोन्ही वेळा जिवंत पण पोट रिकामं, पारदर्शक दिसलं तर खाद्य नाही, अजून चार दिवस थांबा. भिंगातून पोटात तांबूस-करडी रेघ दिसली की बाकीचे सोडा, संध्याकाळी.

बोडीकाठ
उद्या पहाटेपासून साडी लावतो.

वऱ्हाडी ठेचा
कोनती साडी ते घरी इचारून घ्या भाऊ. मोरचुदापेक्षा ते जास्त विषारी पडते.